चिमटा कुणाकडे

कोल्हापूर,
रविवार, ८ मार्च १९९८

चि. गं. भा. शांभवी हिस,
मल्लेशचे आशीर्वाद. तिकडे तुझी आई बसव्वा आणि तू बऱ्या असाल असे समजतो.

आज सकाळी स्कूटरवरून कळंब्याच्या तलावावर गेलो. रिमोटवर चालणाऱ्या छोट्या पाणबुडीचा डबा मांडीपुढे ठेवला होता. काठावर अर्धा तास बसलो आणि ती बोट पाण्यात न सोडताच परत आलो. घरी भात केला. दुपारी पडलो, झोप लागली नाही.

बोट पाण्यात घातली नाही तर रबराचा वायसर सुकतो आणि तडकतो. सोमेश गेल्यापासून दोन महिने ती कोरडीच आहे. आज काठावर एक अनोळखी गृहस्थ बराच वेळ बघत होता. शेवटी म्हणाला, पावणं, ही पाण्यात घालायची हाय का नुसतं वारं खायाला आणलीया? मी डबा उचलून स्कूटरकडे आलो.

तुला तो लाल चिमटा आठवत असेल. सोमेशचा आणि माझा, आम्हा दोघा भावांचे रिमोट एकाच नंबरचे, एकाच लहरीवर चालणारे. दोन्ही एकदम चालू झाले की बोटींना कुणाचे ऐकावे ते कळत नसे. पहिल्याच महिन्यात सोमेशची बोट तशीच चिखलात नाक खुपसून बसली, तेव्हा तूच कपडे वाळत घालायचा चिमटा आणून दिलास. ज्याच्याकडे चिमटा, त्यानेच रिमोट चालू करायचा. माझी घाई झाली की सोमेश खिशावर हात मारून म्हणायचा, आण्णा, चिमटा माझ्याकडं हाय, तू गप बस की.

त्या दिवशी तो तलावावर कोसळला तेव्हाही चिमटा त्याच्याच खिशाला होता. त्याची बोट दुसऱ्या दिवशी शेजारच्या सयाजीने पोहून काढून दिली. ती आणि त्याचा रिमोट माझ्या कपाटात बंद आहेत. आता त्या नंबरवर दुसरे कोणी नाही, चिमट्यावाचूनही चालेल, हे मला कळते. पण बटणावर बोट ठेवले की हात पुढे जात नाही. दवाखान्यातून त्याचे कपडे तुझ्याकडे आले. त्यात चिमटा असेल तर पाठवशील का? नसेल तर बोट कुणाला तरी देऊन टाकावी म्हणतो. घाई नाही.

बसव्वांना नमस्कार. आमची आठवण असू द्यावी.
तुझा,
मल्लेश


हातकणंगले,
१६ मार्च १९९८

ती. भाऊजींस शांभवीचा शरणु. शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचले. आधी एक सांगते. नावामागे गं. भा. लिहू नका. पोस्टमन गल्लीत मोठ्याने वाचतो. नुसते शांभवी लिहा.

इथे ठीक आहे. शाळेत बदली शिक्षिकेचे काम मिळेल असे म्हणतात. अव्वा दिवसभर मला खायला घालते आणि मी खाल्ले नाही की भांडी आपटते. तुम्हीही दोन्ही वेळ नुसत्या भातावर राहू नका. भाकरी येत नाही हे कारण सोमेशनाही मी कधी चालू दिले नाही.

चिमटा माझ्याकडे नाही. कसे सांगावे म्हणून चार-पाच दिवस पत्र लिहिले नाही. त्यांना शेवटची अंघोळ घालून विभूती लावल्यावर सगळे नवा शर्ट काढा म्हणाले. मी तलावावरचा तो खाकी शर्टच घाला म्हटले. अव्वा रागावली. शर्ट घालताना खिशाला चिमटा दिसला. मी काढायला हात घातला आणि तसाच मागे घेतला. त्या दिवशी नंबर त्यांचाच होता. त्यांनी तो कुणाला दिलेला नव्हता. आपल्या रीतीप्रमाणे खड्ड्यात बसवून पुरताना तुम्ही मागून डोके धरले होते, म्हणून तुम्हाला दिसला नसेल. विधी करणाऱ्या स्वामींनी पाहिले आणि पुढचा मंत्र म्हटला.

हे चुकले असेल तर मला बोला. पण बोट देऊन टाकू नका. ती पाण्यातून वर येताना आधी तिच्या पाठीवरच्या नळीचे टोक दिसायचे आणि तुम्ही दोघे एकदम गप्प व्हायचा. मला तेवढेच बघायला आवडायचे, बाकी त्यातले काही कळत नव्हते. तिकडे गच्चीवरच्या दोरीला माझे डझनभर चिमटे तसेच आहेत. त्यातला एक घ्या.

तब्येतीला जपा. माझ्यावर राग नसावा.
आपली,
शांभवी


कोल्हापूर,
रविवार, १९ एप्रिल १९९८

चि. शांभवीस आशीर्वाद.

तू केलेस ते बरोबर केलेस. ते वाचून मी कारखान्यात दोन दिवस नीट काम केले नाही. एका नकाशात माप चुकले.

दोरीवरचा चिमटा घेऊन बघितला. हातात धरला आणि परत लावून ठेवला. नंबर त्याच्याकडे असताना मी दुसरा चिमटा लावून बसलो तर तो लबाडीचा डाव झाला. तो हयात असता तर लगेच भांडला असता. म्हणून मुंबईच्या दुकानाला लिहिले आणि वेगळ्या नंबरच्या क्रिस्टलची जोडी मागवली. एक रिमोटमध्ये बसतो, एक बोटीत. यायला तीन आठवडे लागले. आता माझा नंबर वेगळा आहे. जुना त्याचा. तो कुणी वापरणार नाही.

आज सकाळी कळंब्याला बोट सोडली. बटण दाबताना मागे वळून पाहिले, सवयीने. ती खाली गेली, वळली, आणि बऱ्याच लांब, मला वाटले होते तिथे नाही, भलतीकडे वर आली. आधी नळीचे टोक. काठावर कोणी नव्हते. फार बरे वाटले असे नाही. थकलो. पण पुढच्या रविवारी जाईन.

शाळेचे काय झाले ते कळव. बसव्वांना भांडी आपटू देऊ नकोस, थोडे खात जा. लोभ आहेच, त्यात खंड नको.

तुझा,
मल्लेश

ता. क. बोट खिडकीपाशी वर्तमानपत्रावर उघडून ठेवली आहे. वायसर तडकला होताच, आत दोन चमचे पाणी शिरले आहे. आता ते कापसाने टिपत बसतो.