हिमोग्लोबिन अकरा

मलकापूर, ४ फेब्रुवारी २०२४

चि. देवानंद यास, ताईचा सप्रेम जयभीम.

तुझ्या प्रतीक्षाच्या लग्नाचा विषय काढला की तू फोन ठेवतोस, म्हणून लिहावं लागतंय. आपली पोर सिकलसेलची वाहक आहे. त्यामुळे गजेंद्रच्या घरून आलेला रिपोर्ट मी दोनदा वाचला. सिकलसेल निगेटिव्ह, हिमोग्लोबिन मात्र अकरा. धडधाकट पोराचं अकरा कसं? मला संशय येतो.

विणकामावर सांगते. जनुकातल्या एखाद्या बदलाने काहीच बिघडत नाही. कधी एक टाका चुकतो; प्रथिन तयार होतं, पण बिघडलेलं. तो आपला सिकलसेल. कधी विणकाम मध्येच थांबतं, बाही होतच नाही. तसा एक थॅलेसेमिया असतो. तो सिकलसेलच्या साध्या तपासणीत सापडत नाही. आईकडून एक दोष आणि बापाकडून दुसरा आला, तर लेकरू जन्मभर दवाखान्यात. हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारा इलेक्ट्रोफोरेसिसचा रिपोर्ट माग. ते लोक काहीतरी लपवताहेत.

बोलणं कडक असलं तरी लोभ तोच.

सिंधूताई

सोनाळा, २० फेब्रुवारी

आदरणीय ताईस, सविनय जयभीम.

तू शाळा सोडली, छडी नाही. तुझी भावजय सुवर्णा म्हणते, ताईले पोलिसातच घ्यायले पाहिजे होतं.

तू म्हटलं तो रिपोर्ट मागितला. गजेंद्र चिडला नाही. बुलढाण्यात रक्त देऊन आला. थॅलेसेमियाचा वाहक निघाला. त्याले स्वतःलेच माहीत नव्हतं. मग त्याने विचारलं, की तुम्ही काऊन एवढं शोधून राह्यले, प्रतीक्षाचा रिपोर्ट कुठे आहे?

ताई, तो आम्ही दिलाच नव्हता. प्रतीक्षाने बायोडाटासोबत ठेवला होता, मी काढून घेतला. स्थळ हातचं जाईल वाटलं. पोरीले वाटते, तिकडे पोचला. तो या पाकिटात घातला आहे. आता तूच सांभाळ.

रागव, पण माया सोडू नको.

देवानंद

मलकापूर, २६ फेब्रुवारी

चि. देवानंद, जयभीम.

मी परक्यांच्या घरात खोटं शोधत होते, ते आपल्या घरात होतं.

काल प्रतीक्षा आणि गजेंद्र, दोघांना बोलावलं; तुला मुद्दाम नाही. प्रतीक्षा रडली नाही. एवढंच म्हणाली, की बाबांनी तिला खोटं पाडलं. दर गर्भाला दोन्ही दोष येण्याचा चारात एक धोका आहे, हे मी सांगितलं. दोघं मिळून डॉक्टरांकडे जाणार आहेत. लग्न करायचं की नाही, ते तिथून आल्यावर तेच ठरवतील. तू मध्ये पडायचं नाहीस.

बहीण म्हणून मी आहेच, हे विसरू नकोस.

सिंधूताई

हाती दिलं ते: गजेंद्रला प्रतीक्षाचा मूळ रिपोर्ट. प्रतीक्षाला गजेंद्रच्या घरून आलेला मूळ रिपोर्ट आणि तुझं वीस तारखेचं पत्र.