दोन मायक्रॉनचा शेरा

सर, तुम्ही जाऊन आठ वर्षं झाली, तरी मला तुमच्याशी भांडायचं आहे. मागच्या मंगळवारी लॅबचं जुनं कपाट रिकामं करताना माझ्या अप्रेंटिसशिपच्या वर्षातले कागद निघाले. आपल्याकडे सुट्या भागांची मापं तपासायचा प्रत्येक गेज दोनदा मोजला जायचा. सकाळच्या शिफ्टला मी, दुपारच्या शिफ्टला दुसरा एक अप्रेंटिस मुलगा, आणि एकाचा आकडा दुसऱ्याला दिसत नसे. दोन्ही कागद फक्त तुम्ही पाहायचात. तुम्ही माझी चूक काढलीत त्या दिवशीचे दोन्ही कागद आता माझ्यासमोर आहेत. शेवटच्या अंकापर्यंत आकडे सारखे आहेत. फरक नव्हताच, सर. आणि माझ्या फाइलमध्ये तुमचा लाल शाईतला शेरा अजून तसाच आहे: दोन मायक्रॉनची चूक, कामात लक्ष नाही.

तो दिवस अजून दिसतो: मी खिडकीकडे तोंड करून एकटीच डबा खाते आहे आणि तुम्ही मागे येऊन उभे राहता. "काहून गं, हात हलून राहिला का तुझा?" एवढंच, पण सगळ्यांसमोर. मग सांगता, उद्यापासून तीन दिवस शिफ्ट संपल्यावर थांबायचं आणि दुपारच्या मुलासोबत बसून तोच गेज परत मोजायचा. त्यापायी माझी घरी जायची खमरियाची बस चुकणार, हे तुम्हाला माहीत होतं. तो मुलगा कुंडम गावचा, कमानिया गेटच्या मागे खोली घेऊन राहतो, सकाळी एकदाच भात लावून दोन वेळा खातो, हेही मला तुम्हीच सांगितलंत, मी विचारलेलं नसताना. मी वर्षभरात कुणाशी धड बोलले नाही, हे त्याला कुणी सांगितलं असेल ते आता कळतं.

त्या मंगळवारी घरी येऊन मी दोन्ही कागद नवऱ्यापुढे ठेवले. तोच तो दुपारच्या शिफ्टचा. तो हसत सुटला, हसता हसता खाली बसला. "अच्छा? मला तर सर बोलले होते, गलती माझीच आहे, तुझी नाही." मी हसले नाही. सर, तुम्हाला लग्न जुळवायची एवढी हौस होती तर सरळ विचारायचं होतं. चहाला बोलवायचं होतं. मी नाही म्हटलं असतं, पण ते म्हणण्याचा हक्क माझा होता. त्याऐवजी तुम्ही माझा हात खोटा ठरवलात. तेव्हा माझ्याजवळ चांगलं म्हणावं असं तेवढंच होतं. त्या दिवसापासून मी गॅसचं बटण तीनदा पाहते, कुलूप लावून अर्ध्या जिन्यातून परत येते, हाताखालच्या मुलींचे आकडे पास करताना आधी स्वतःवर संशय घेते. हे सगळं का, तर दोन माणसांनी एका टेबलाशी बसावं म्हणून.

तुम्ही हॉस्पिटलमध्ये होतात तेव्हा सगळी लॅब भेटून आली. मी गेले नाही. आमचं लग्न ठरल्याचं सांगायला तो एकटाच तुमच्याकडे आला होता. तुम्ही त्याला विचारलंत म्हणे, "ती अजून रागावून राहिली का?" तो हो म्हणाला. तेव्हा एका वाक्यात खरं सांगता आलं असतं. तुम्ही डोळे मिटून घेतलेत आणि चार दिवसांनी गेलात.

लॅब आता माझ्याकडे आहे. माझ्या सहीने तो शेरा रद्द होतो. मी पेनही उघडलं होतं. पण रद्द करायचा तर कारण लिहावं लागतं आणि त्या तीन दिवसांच्या फेरतपासणीचे कागद जोडावे लागतात. सर, तिसऱ्या दिवशी आमचे आकडे जुळले होते. त्याने त्याचा मोठ्याने वाचला, मी माझा पाहिला, तोच होता. कागदावर मी मुद्दाम एक मायक्रॉन जास्त लिहिला. तुम्ही तो पाहून आणखी तीन दिवस दिलेत. हे त्याला अजून माहीत नाही, आणि तिसऱ्या दिवसाचा तो कागदही मी त्याच्या हाती लागू देणार नाही.