अनगोळची माकडं, कणकुंबीचं रान

आप्पा,

गेल्या रविवारी अनगोळच्या आपल्या गल्लीतली माणसं घरी आली होती. गच्च्यांवर धुमाकूळ घालणारी माकडं पकडून जंगलात सोडायची म्हणतात, आणि वन खात्याला द्यायच्या अर्जावर त्यांना माझी सही हवी होती. मी आयुष्यभर रानात माकडांच्या टोळ्या बघत हिंडले, म्हणून माझ्या सहीला वजन आहे म्हणे. त्यातल्या एकानं भिंतीवरच्या तुमच्या फोटोला हात जोडले. "सरांनीच वाट दाखवली बघा. त्यांचंच काम आता तुम्ही फुडं न्यायचं." फोटो उतरवून माळ्यावर फेकावा असं वाटलं मला. तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली आणि तुम्ही घालून ठेवलेला घोळ अजून मीच निस्तरतेय.

तुम्ही माकडं रानात सोडलीत तो शनिवार मला अजून दिसतो. मारुतीचा वार म्हणून तुम्हीच निवडलेला. देवळामागच्या मोकळ्या जागेत पिंजरे मांडलेत, आत केळी, आणि लाल तोंडाची आपली सगळी टोळी त्यात अडकलीय. बायका पिंजऱ्यांना हळद-कुंकू लावतायत, कुणी दहीभात आणलाय, कुणी पदरानं डोळे पुसतंय. लेक सासरी निघाल्यासारखी पाठवणी. आणि तुम्ही मधे उभे, हातात वही, शाळेच्या सहलीला निघालेल्या हेडमास्तरासारखे. टेम्पोत सगळे पिंजरे मावेनात, तर तुम्ही तिथल्या तिथं दोन तुकड्या पाडल्यात. माद्या आणि पिल्लं पहिल्या खेपेला, उरलेली दुसऱ्या. पहिली खेप कणकुंबीच्या रानात सुटली. दुसऱ्या खेपेला टेम्पोवाला कुरकुरायला लागला, लांब पडतंय म्हणाला, तर तुम्ही ती जांबोटीच्या अलीकडंच सोडून आलात. त्यात दोन माद्याही होत्या, गडबडीत राहिलेल्या. त्यांची पिल्लं कणकुंबीला आणि त्या इकडं. मी विचारलं तर म्हणालात, "रान एकच हाय न्हवं? भेटतील की."

रान एक नसतं आप्पा. तुम्हाला भूगोल शिकवायला कुणी ठेवलं होतं कोण जाणे. माकडाची मादी जन्मली त्याच टोळीत म्हातारी होते, आई, बहिणी, लेकी यांच्यासोबत. कुठलं उंबर कधी पिकतं, एप्रिलात पाणी कुठल्या ओहळात टिकतं, हे ती आईच्या मागून फिरत शिकते. आपल्या माकडांना माहीत होतं ते एवढंच, की कोणत्या गच्चीवर पापड वाळत घालतात. आणि त्या रानात आधीच दुसऱ्या टोळ्या नांदत होत्या. परक्यांना त्या झाडावर टेकू देत नाहीत. मग ही बापडी रस्त्यावर आली, गोव्याला जाणाऱ्या गाड्यांसमोर हात पसरून बसायला लागली. ती आपल्याकडं आली तरी का होती, हे विसरलात? घरामागचं उंबर तुम्हीच तोडायला लावलंत, पाण्याच्या टाकीत पानं पडतात म्हणून.

आपल्या टोळीतली फाटक्या कानाची थोरली मादी मला चोर्ल्याच्या घाटात एका वळणावर भेटली. कठड्यावर बसून वेफर्सची रिकामी पिशवी चाटत होती. एकटी. त्यानंतर महिन्याभरात ती तिथंच गाडीखाली गेली, आणि तिला रस्त्यावरून उचलून मातीआड मी केलं. घरी आले तेव्हा तुम्ही स्वयंपाकघरात जेवत होता. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. तुम्ही भाकरीचा तुकडाही खाली ठेवला नाहीत. "ताटावर बसलोय, दिसत न्हाय व्हय? माकडांच्या मागं हिंडायला शिकवलं का तुला?" आईनं मला डोळ्यानंच गप्प केलं. त्याच महिन्यात गल्लीनं तुमचा सत्कार केला, आणि तुम्ही शाल पांघरून पुण्य या विषयावर अर्धा तास बोललात. मी मागच्या खुर्चीवर बसून तो अर्धा तास तुमचा तिरस्कार केला. तो कमी झालेला नाही. मेलेल्या माणसाबद्दल असं लिहू नये म्हणतात. मी लिहितेय.

तर रविवारी मी त्या लोकांना सही दिली नाही. टाक्यांना झाकणं बसवा, कचरा उघडा टाकू नका, शनिवारी केळी वाटायची बंद करा, नंतर आलेली ही टोळी इथंच राहू द्या म्हटलं. ते म्हणाले, "पण सरांनी सोडलीच की." मी म्हणाले, "सरांनी चूक केली. अर्धी टोळी मेली त्यांच्यामुळं. मला एका शब्दानं विचारलं असतं तर मी आडवी पडले असते." सगळे उठायला लागले. समोरच्या घरातल्या आक्का तेवढ्या माझ्याकडं बघत राहिल्या. आता ऐंशीच्या पुढं आहेत, पण आठवण पक्की आहे. जाताना दारात थांबल्या आणि हळूच म्हणाल्या, "तवा देवळात मी बी हुतो गं." बस्स, एवढंच. येत्या रविवारी पुन्हा बैठक आहे, आणि माझा शब्द चालला तर ही टोळी वाचेल. आक्कांनी तिथं तोंड उघडलं तर माझ्या शब्दाला कुणी काडीची किंमत देणार नाही.

म्हणून हे लिहितेय, आणि कुणाला दाखवणार नाही. त्या शनिवारच्या आधी देवळात बैठक झाली तेव्हा मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते. टोळ्या फोडल्या की काय होतं ते आम्हाला त्याच वर्षी शिकवलं होतं. तुम्ही सगळ्या गल्लीसमोर माझ्याकडं वळलात आणि म्हणालात, "ही शिकतीया ह्यातलं. सांग गं, चालंल का?" मला माहीत होतं आप्पा. पण चारचौघांत तुम्ही मला पहिल्यांदाच काही विचारत होता, म्हणून मी "चालेल" म्हणाले.