खुंटी जुन्या जागी ठोकली आहे

दादा,

बाबा जाऊन आठवडा झाला, म्हणून दुकानवाल्याने व्हीलचेअर परत मागितली. ती द्यायला चाललेय. तुला उठवलं नाही. चहा थर्मासमध्ये आहे.

तुझी पोरं सकाळपासून रिंगांसाठी मागे लागलीत. पाइपच्या पाचही रिंगा मागच्या दाराशी बादलीत आहेत. अंगणातल्या विटेमागे उभं राहायचं, हात खालून आणून रिंग सोडायची. खुंटीत अडकली तर तीन गुण, नुसती टेकली तर एक. धाकटीला विटेच्या पुढे उभी कर, नाहीतर घर डोक्यावर घेईल.

खुंटी परत विटेपासून आठ पावलांवर नेली आहे. बाबांचा उजवा हात लुळा पडल्यापासून, ते दुपारी झोपले की मी ती गुपचूप जवळ सरकवायचे. रिंग अडकली की बाबा म्हणायचे, "हात सुधारतोय बघ."

मी चारच वेळा सरकवली होती. आज अंगण झाडताना जुनी भोकं सात निघाली. उरलेली तीन तुझीच असणार, घरात आणखी होतं कोण.

सगळी बुजवली आहेत. जेवण झाकून ठेवलंय, गरम करून घे.