आई बघत असतील

प्रिय भिंगरी,

फोन सोडून पत्र कशाला, असं म्हणशील. फोनवर तू माझं एक वाक्य पुरं होऊ देत नाहीस, आणि आज मला बरंच बोलायचंय. कागदावर तुला मध्येच बटण दाबता येत नाही. तेव्हा शेवटपर्यंत वाच आणि मग काय ते बोल. दुसरं असं, की सामान गाडीत भरून निघालीस त्या दिवशी तू मला ‘काकू’ म्हणालीस. तेव्हापासून फोन हातात घेतला की कुठल्या नात्याने बोलावं हेच सुचत नाही. भिंगरी हे नाव मीच ठेवलेलं, ते तरी अजून माझ्याकडे आहे.

नवं दुकान तू पाहिलेलं नाहीस. जुनी इमारत पाडायला काढली, म्हणून इकडे आले. काम तेच, पँटची लांबी कमी करणं, चेन बदलणं, पोट सुटलेल्यांच्या कंबरा सैल करणं. लांबट खोली, एकच खिडकी, तिच्याखाली मशीन आणि समोरच्या भिंतीवर टीव्ही. टीव्ही मी माझ्यापुरता लावला होता, पण सातची प्रश्नमंजूषा सुरू झाली की माणसं जमायला लागली. शेजारचा औषधवाला गिऱ्हाईक नोकरावर टाकून यायचा. वरच्या मजल्यावरचे बँकेतून निवृत्त झालेले कॅशियर यायचे. आणि समोरच्या दातांच्या डॉक्टरकडे फोन घेणारी एक मुलगी, ती दवाखाना बंद करून शेवटी यायची आणि इस्त्रीच्या टेबलाला टेकून उभी राहायची.

सगळी त्या प्रश्नमंजूषेतल्या बाईंची भक्तमंडळी. बाईंना तूच घरी पाठवलंस, तेव्हा त्या कोण हे तुला नव्याने काय सांगू. पण इकडे त्यांचं काय प्रस्थ होतं ते तुला माहीत हवं. भूगोल शिकवून निवृत्त झालेली, तपकिरी स्वेटर घालणारी एक साधी बाई रोज येते आणि रोज जिंकते, म्हणजे काय चेष्टा आहे? औषधवाल्याचं म्हणणं, हे सगळं ठरवलेलं असतं, बाईंना प्रश्न आधी कळतात. असं म्हणून रोज पहिला हजर तोच. बाईंनी सलग जिंकण्याचा जुना विक्रम मोडला त्या दिवशी त्यानेच सगळ्यांना चहा पाजला. कॅशियर मात्र अडून बसले. जुना विक्रमवीर खेळायचा तेव्हा मदतीची काही सोय नव्हती, म्हणून हा विक्रम खरा धरायचा की नाही, यावर त्या दोघांची अशी जुंपली की एक गिऱ्हाईक कंटाळून आपली पँट तशीच घेऊन गेलं. दातवाल्या मुलीने बाईंची एक खूण शोधून काढली होती. उत्तर येत नसलं की बाई चष्मा वर सरकवतात. त्यानंतर आम्ही चौघं प्रश्न ऐकायचं सोडून बाईंच्या नाकाकडे बघत बसायचो.

मला बाई आवडायच्या त्या वेगळ्याच कारणाने. त्या प्रश्न संपल्याशिवाय बटणाला हात लावत नसत. बघताना दर वेळी तुझी आठवण व्हायची. आपण जुन्या घरी बघायचो तेव्हा मी दोरे काढत असायचे, तू कपड्यांच्या घड्या घालत असायचीस, आणि हरेल तिने भांडी घासायची हा आपला कायदा. तू अर्ध्या प्रश्नावरच उत्तर ठोकून द्यायचीस आणि निम्म्या वेळा भांड्यांपाशी जायचीस. आमचे चिरंजीव तोवर ताट घेऊन आतल्या खोलीत गेलेले असायचे. त्याला आपला आरडाओरडा सोसायचा नाही. तुमच्या दोघांत नंतर काय झालं ते मी तेव्हा विचारलं नाही आणि आताही विचारत नाही. मला एवढंच कळलं की तू गेल्यावर सात वाजता घरात कुणी काही बोलत नव्हतं. मी टीव्ही उचलून दुकानात आणला तो त्यामुळे.

तर तो दिवस. मी एका कोटाचं अस्तर उसवत होते. औषधवाला म्हणाला, आज कुणीतरी पोरसवदा दिसतेय, बाई हिला चहाबरोबर खाणार. मी मान वर केली तर तू. केस कापलेस. बरे दिसतात. मी कात्री खाली ठेवली. मग त्या कोटवाल्या निवेदकाने सगळ्यांना विचारतो तेच तुलाही विचारलं, घरून कोण कोण बघतंय? तू जरा थांबलीस. तू आणि थांबलीस, मी पहिल्यांदाच बघितलं. आणि म्हणालीस, “आई बघत असतील.”

औषधवाला लगेच म्हणाला, बिचारीची आई, आज रडणार. कॅशियरही हसले. त्यांना वाटलं, तुझी आईच. पण स्वतःच्या आईला कुणी ‘असतील’ म्हणतं का गं? आपली आई बघत असते. बघत ‘असतात’ त्या सासूबाई. दातवाल्या मुलीने तेवढी वळून माझ्याकडे पाहिलं. मी सुई ओवायला घेतली, पण दोरा काही भोकात जाईना.

आता खरं सांगते, रागावू नकोस. तरीही बाई जिंकाव्यात असंच मला वाटत होतं. इतक्या महिन्यांची सवय एका शब्दाने सुटत नाही. तू पुढे गेलीस की जीव सुखावायचा आणि बाई मागे पडल्या की जीव जळायचा. शेवटी बरोबरी झाली. निवेदक म्हणाला, असा कोणता ग्रह आहे, ज्याचा एक दिवस… आणि तू बटण दाबलंस. बाईंचा हात बटणाच्या जवळही नव्हता. तू म्हणालीस शुक्र, आणि इकडे मी भर दुकानात ओरडले, बुध! ह्यावरून आपण एकदा आठवडाभर भांडलो होतो, आठवतं? तेव्हाही मीच चुकले होते. दिवस वर्षापेक्षा मोठा असतो तो शुक्रावर. आता पाठ झालं.

बाई उठून तुझा हात हातात घेत होत्या आणि आमच्याकडे सुतक. औषधवाल्याने तुला चार शब्द ऐकवले, ते लिहीत नाही. मग कॅशियरनी विचारलं, तुम्ही मघाशी दचकलात, ओळखता की काय हिला? नातं सांगायला गेले तर शब्दच नाही. सून म्हणावं तर नाहीस, आणि पूर्वीची सून असं आपल्या माणसाबद्दल कसं म्हणायचं? मी म्हटलं, “ती माझी आहे.” एवढंच. औषधवाला दुसऱ्या दिवशी मुकाट्याने येऊन तुझ्या बाजूने बसला. तू त्या प्राण्यांच्या डॉक्टरकडून हरलीस तेव्हा सगळ्यात जास्त चिडला तोच. एका दिवसाची राणी म्हणून मन खट्टू करून घेऊ नकोस. बाईंना हरवलेलं माणूस सध्या तरी जगात एकच आहे.

आता पत्राचं खरं कारण. संध्याकाळी शटर ओढायला चिरंजीव यायचे, ते हल्ली जरा लवकर येऊ लागले होते. कारण ती दातवाली मुलगी. पुढच्या महिन्यात दोघं लग्न करतायत. मुलगी चांगली आहे, आणि हे तुला तिऱ्हाइताकडून कळू नये, तुम्हीच कळवा, असं तिनेच मला सांगितलं. काही दिवसांनी तीही मला आई म्हणेल, आणि मी ओ देईन. तू ते ऐकून गपचूप बाजूला व्हायला बघशील, तुझा स्वभाव मला माहीत आहे. म्हणून आधीच सांगते. रविवारी ये, दुकान बंद असतं, दोघी बसू. घटस्फोट तुम्ही दोघांनी घेतलात. त्या कागदावर माझी सही कुणी मागितली नव्हती, आणि मागितली असती तर मी केली नसती.

तुझीच,
आई