गज लागत नाही त्या तारा

४ ऑक्टोबर
पोहोचलो. तळ्याकाठून चढून येताना फिडल कोरडी राहिली, मी चिंब. दारातच म्हातारे हॉल्ये म्हणाले, आधी तिला आत घे, मग तू ये. त्यांची बहीण आस्लाउग हिने लापशी वाढली. भाऊ वीस वर्षांत हसलेला नाही, तू हसवलंस तर लोणी जास्त, म्हणाली.
लग्नाच्या चाली मला येतात. इथे एकच शिकायची आहे. हॉल्येंची मुलगी ग्रो तळ्याचा बर्फ फुटून बुडाली, त्या हिवाळ्यात त्यांनी बांधलेली. ती कागदावर नाही. आमच्यात चाल कानानेच घ्यायची.
नाताळात घरी लेकीला, सिग्नेला, वाजवून दाखवीन. निघताना तिने फिडलच्या पेटीत माझ्यासाठी सफरचंद ठेवलं.

११ ऑक्टोबर
वाजवण्याआधी चाल ज्याच्याकडून आली त्याचं नाव घ्यायचं, हा रिवाज. हॉल्ये म्हणाले, माझं नको, ग्रोचं घे. घेतलं.
खालच्या तरफांच्या तारांना गज लागत नाही, त्या आपोआप घुमतात. आज गज उचलला तरी घुमत राहिल्या. उजव्या मुठीत लहानसा ओला हातमोजा असल्यासारखं वाटलं.
हॉल्येंनी दुसऱ्यांदा लापशी मागून घेतली.

२६ ऑक्टोबर
हॉल्ये हसले. माझ्या गजाला गुरं हाकायची काठी म्हणाले. आस्लाउग चुलीकडे तोंड करून रडली. मग गोठ्यात गाठून म्हणाली, भावाला ग्रोच्या केसांचा रंग आठवेना. तू घरी जा, लेकरा.
मला आठवला. पिवळसर, उजवीकडे भोवरा. मी तिला कधी पाहिलेलं नाही.
शेवटचा भाग तेवढा राहिलाय. आणि म्हातारा असा हसत असताना कसा जाऊ?

१९ नोव्हेंबर
चाल पूर्ण आली.
हॉल्येंसमोर ग्रोचं नाव घेतलं. कोण ग्रो, म्हणाले. मला रडू आवरेना. पाठ थोपटत त्यांनी विचारलं, पोरा, कोण गेलं तुझं?
लेक गेली, म्हणालो.

२ डिसेंबर
पेटीत सुकलेलं सफरचंद. कोणी ठेवलं—

१४ डिसेंबर
एक बाई आली. मला नवरा म्हणते. तिची मुलगी गळ्यात पडली, बाबा, वाजव ना. हात सोडवले. माझी ग्रो एवढीच—
बाई आत रडतेय. आस्लाउग तिच्यापाशी.
मुलगी खाली गेली. खिडकीतून दिसते. तळं परवाच गोठलंय. माझ्या शेजारी उभे हॉल्ये कौतुकाने म्हणतात, बघ, पोर कशी घसरतेय.
खिडकी उघडून ओरडलो— ग्रो! ग्रो!
वळत नाही.
नाव— बाईने काय हाक मारली होती— तिचं नाव—