'तात्पुरतं' म्हणजे किती दिवस

परभणी, ४ ऑगस्ट

चि. ज्ञानेश्वरीस बन्सीधर काकाचे अनेक आशीर्वाद.

फोनवर तू नुसतं हं-हं करतीस, म्हणून पत्र टाकायलोय. तुझ्या काकूची कंबर धरलीय. तू इकडं ये, तात्पुरतं. स्वयंपाक आन् धुणीभांडी, दुसरं काय काम न्हाई. शाळा तर सुटलेलीच हाय, वालूरात बसून काय करणार? तुझ्या बापाला विचारलं, दादानं मान हलवली. सोमवारी घ्यायला येतो, पिशवी भरून ठेव.

बाकी ठीक. माया हाय तशीच ऱ्हाऊ दे.

तुझा काका,
बन्सीधर

वालूर, ८ ऑगस्ट

ती. काकांना ज्ञानेश्वरीचा शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. इकडं समदे खुशाल. म्हैस व्याली, वगार झाली.

तोंडावर मला बोलता येत न्हाई, पर लिहिता येतंय. आई-बाबा ऊस तोडायला निघाले तवा तुमीच म्हणले, धाकट्या भावंडांकडं बघायला शाळा तात्पुरती सोड, उन्हाळ्यात परभणीला नाव टाकतो. दाखलाबी घेऊन गेलात. तीन उन्हाळे गेले. लग्नाचा मांडव तात्पुरता असतो, हळद निघायच्या आत सोडतात. गल्लीत टँकर तात्पुरता आला, आठव्या दिवशी बंद झाला. ह्या शब्दाला शेवट असतो, काका. तुमच्या तोंडातून निघाला की त्याला शेवटच ऱ्हात न्हाई. हापिसात एवढे कागद लिहिता, आन् एवढं कळंना?

बाबाची मान तुमच्यापुढं हलतीच. माझी न्हाई हलणार. सोमवारी येऊ नका.

दहावी बाहेरून द्यायलेय. सतरा नंबरचा फॉर्म भरायचा, त्याला दाखला लागतोय. दुसरा काढायला काल शाळेत गेले. हेडमास्तरांनी विचारलं, पहिला कुठं हरवला? माझं तोंड उघडंना. त्यांनी कागद पुढं सरकवला. मी लिहिलं, हरवला न्हाई, माझे काका श्री. बन्सीधर यांच्याकडं तीन वर्षांपासून तात्पुरता हाय.

सरांनी दोनदा वाचलं आन् लय हसले. त्यांचे जावई तुमच्याच हापिसात हायत म्हणे. त्यांना फोन लावून वाचून दाखवला.

काकूला कंबर शेकायला सांगा. तुमचा लोभ हाय तेवढा पुरे, वाढवू नका.

तुमची पुतणी,
ज्ञानेश्वरी